अडीच दिवस आकाशात

सर्व लहानथोरांस, सग्यासोयऱ्यांस, आणि ज्यांचा या गोष्टीशी काडीचाही संबंध नाही अशांसही अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेने वयाच्या सोळाव्या वर्षी एका लढाऊ वैमानिकाला, ज्याने तिचे काहीही वाकडे केले नव्हते, अडीच दिवस आकाशात लटकवून ठेवले. त्याला खाली उतरू दिले नाही आणि धड मरूही दिले नाही. देशासाठी नाही, धर्मासाठी नाही, तर केवळ स्वतःला खुरपणीचा कंटाळा होता म्हणून. गुन्हा कबूल आहे. शिक्षा म्हणून हे प्रकरण लिहायला बसले आहे.

आता कंटाळ्याचं आधी सांगते. आमच्या गावात ज्वारीच्या खुरपणीला दहा-बारा बायका ओळीनं बसत. प्रत्येकीपुढे तिची पात, म्हणजे ओळींचा एक पट्टा, या बांधापासून त्या बांधापर्यंत. पण जिला गोष्ट सांगता येते तिला मधोमध बसवायचं आणि तिची पात दोन्ही बाजूच्यांनी अर्धी-अर्धी वाटून घ्यायची, अशी रीत होती. सांगणारीनं खुरपं नुसतं हातात धरायचं, बाकीच्यांबरोबर पुढं सरकायचं आणि बांध येईपर्यंत तोंड थांबवायचं नाही. तोंड थांबलं की तिची पात तिच्या पुढ्यात. आधी हा मान शेजारच्या आसरामावशीचा होता. ती देवादिकांच्या गोष्टी सांगायची आणि त्या सगळ्यांना पाठ होत्या. पंधराव्या वर्षी मी सिनेमे घेऊन आले आणि मावशीला तिची पात स्वतः काढायची वेळ आली. वर्षातून दोन-तीन सिनेमे मी परळीला मामाच्या घरी जाऊन पाहत असे. गावातल्या बाया एकही पाहत नसत, त्या माझे पाहत. माझ्या सिनेमांत गाणी कमी आणि भांडणं जास्त असत, कारण उकिडवं बसून गायला दम पुरत नाही.

आमचं घर गावाच्या परळीकडच्या टोकाला. सकाळी आभाळ स्वच्छ असलं की लांबवर विजेच्या कारखान्याची धुराडी दिसायची. वारा तिकडून असला की वाळत घातलेल्या सांडग्यांवर बारीक करडी राख बसायची आणि आई एकेक सांडगा फुंकून उचलायची. तारा आमच्या डोक्यावरून सूं-सूं करत लांबच्या शहरांकडं जायच्या, आमच्या घरातला दिवा मात्र मनात आलं तरच लागायचा. आजोबांपर्यंत घरात मेंढ्या होत्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या सोडून शेत धरलं होतं, पण बोलताना त्यांची हाक अजून माळावरची होती. मीठ मागायचं तरी शेजारच्या गावाला कळायचं. घरात अण्णा, आई, मी आणि अण्णांची धाकटी बहीण, सोजरआत्या. आत्या बोलायची कमी. तिचं काय चाललंय ते तिच्या भाकरीवरून कळायचं. मन ठीक असलं की थापण्याचा आवाज भराभर, एका लयीत. मनात काही असलं की दोन थापा, मग थांबणं, मग पुन्हा दोन. आज मी मिक्सरच्या, टीव्हीच्या, फोनच्या आवाजात राहते. पण भांड्यात पीठ मळताना अजून कान त्या थांबलेल्या जागेकडं जातो.

आत्या आणि तिचा नवरा दर दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्याला जायचे. दोघं मिळून एक कोयता. तिसऱ्या वर्षी, ऐन हंगामात, त्याचं मुकादमाशी वाजलं. जरा जाऊन येतो म्हणाला आणि गेला. कपड्यांचं गाठोडं तसंच पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, राहिलं. आत्यानं उरलेला हंगाम एकटीनं तोडला. त्याच टोळीत नवऱ्याचा दोस्त होता, मल्हारी. मूळचा मेंढपाळ, पण त्या साली मेंढ्या रोगानं गेल्या म्हणून तोही कोयता घेऊन आलता. आत्या मोळ्या बांधायची आणि मल्हारी न बोलता त्या गाडीवर टाकायचा. हंगाम संपल्यावर त्यानंच तिला गाडीतून आमच्या दारात आणून सोडलं. नवऱ्याला मग कोणी परळीच्या ठेसनात पाहिलं, कोणी पुण्याला, कोणी सुरतेला, आणि पाहणाऱ्या प्रत्येकानं वेगळ्या रंगाचा सदरा सांगितला. अशी सात वर्षं. मेल्याची खबर नाही म्हणून कुंकू पुसता येईना, आणि जिवंत असल्याची खूण नाही म्हणून ते कुणाच्या नावानं लावायचं ते कळेना. आत्या रोज सकाळी आरशाच्या तुकड्यापुढं घटकाभर बोट कपाळाजवळ नेऊन थांबायची आणि मग लावायची.

माझ्या सोळाव्या वर्षी मल्हारीच्या नव्या मेंढ्या आमच्या शेतात बसल्या होत्या. बाजरी निघालेल्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात, तशा. मल्हारीची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. दसरा झाल्यावर एक दिवस त्यानं अण्णांपाशी शब्द टाकला, सोजराबाईशी पाट लावावा म्हणतो. आमच्यात पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, ही काही नवलाची गोष्ट नाही. आई तर मनातल्या मनात लुगडं घेऊनही मोकळी झाली. पण आत्या म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. आणि अण्णांचं मला हे आजही फार मोठं वाटतं, ते म्हणाले की असलं उत्तर मी धरत न्हाई, तिच्या मनातून आलं पायजे. मग सगळ्या घराचा डोळा पाण्याच्या तांब्यावर खिळला. मल्हारी रोज सकाळी अंगणात येऊन टेकायचा, अण्णा आतल्या बाजूला हाक द्यायचे, आणि तांब्या कोण घेऊन येतंय ते सगळे दुसरीकडं बघत बघायचे. आत्यानं तो स्वतः नेऊन दिला असता तर तेच उत्तर होतं. ती तांब्या घासायची, माठात बुडवून काठोकाठ भरायची आणि माझ्या हातात द्यायची. भरून द्यायची, नेऊन द्यायची नाही. मल्हारी पाणी प्यायचा, तांब्या उपडा करून ठेवायचा आणि उठायचा. तुळशीचं लग्न झालं की तो कळप घेऊन गेवराईकडं, गोदाकाठाला निघणार होता. उत्तर त्याच्या आत हवं होतं.

अशा वेळी मी परळीहून तो सिनेमा घेऊन आले. मामा तिथं विजेच्या कॉलनीत पहाऱ्याला होते. मामीला चकल्या-करंज्यांना हात म्हणून मला धाडलं होतं. कॉलनीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी साहेबलोकांसाठी पडद्यावर सिनेमा लावायचे आणि मामांच्या ओळखीनं आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळायची. त्या रविवारचा सिनेमा काळा-पांढरा, जुना आणि सबंध इंग्रजी. जगात लई गाजलेला हाय, असं मामा म्हणाले, त्यांना ते कुठल्याशा साहेबानं सांगितलं होतं. मला एक शब्द कळला नाही आणि सगळा सिनेमा कळला. दोन वैमानिक, जिवाभावाचे दोस्त. एकाचं लग्न एका हसऱ्या, टोपी घालणाऱ्या बाईशी होतं. दुसरा तिच्याकडं बघत नाही, इतका बघत नाही की सगळ्या हॉलला कळतं. मग लढाई. विमानं एकमेकांच्या मागं अशी लागतात की बाकावर बसल्या बसल्या आपण वाकतो. नवऱ्याचं विमान ढगात शिरतं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेरच येत नाही. बाईला एक कागद येतो. दोस्त तिच्याकडं यायला लागतो. कौलं बसवतो, लाकडं फोडतो, पायरीवर टेकतो. तीही टेकते, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. पुढं दोस्तही पुन्हा लढाईवर जातो. अगदी शेवटी बाई विमानतळावर वाऱ्यात उभी असते आणि एक विमान उतरतं, पंखाला भोक पडलेलं. आतून एक माणूस खाली येतो. डोक्याला कातडी टोपी, डोळ्यांवर गोल चष्मा, तोंड धुरानं काळं. आधीच मला सगळे गोरे सारखे दिसत होते, त्यात हे सोंग. मी मामीला कोपर मारून विचारलं, नवरा हाय का दोस्त? मामी दचकून जागी झाली आणि म्हणाली, संध्याकाळला भाजी काय करायची गं? मी मान वळवून पुन्हा पडद्याकडं पाहिलं तर हॉलमध्ये दिवे लागले होते.

गावी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी खुरपणी लागली. माझ्या डाव्या हाताला आत्या, उजव्या हाताला आसरामावशी. नावं इंग्रजी असल्यानं मी ती टाकून दिली आणि नुसतं कारभारी, दोस्त आणि बाई असं चालवलं. बायांच्या शंका फार. इतक्या वर गेल्यावर भाकरी कवा खातेत, हे मावशीला आधी हवं होतं. बांधून नेतात, असं मी सांगितलं. तिची सासू कुठाय, असं पलीकडून आलं. सिनेमात सासू नव्हती. मी ताबडतोब हजर केली, दम्याची आणि तोंडाळ. सासूशिवाय सून आमच्याकडं कुणाला नीट दिसत नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी लग्न, फौज आणि पहिली लढाई केली. बाभळीखाली धपाटे, ठेचा आणि कांदा झाल्यावर कारभाऱ्याला ढगात घातलं. आणि घातल्यावर माझ्या लक्षात आलं की आता याला उतरवला तर सिनेमा संपला, आणि सिनेमा संपला की उरलेली सगळी ज्वारी माझी. म्हणून नाही उतरवला. विमान घिरट्या घालतंय, तेल संपत आलंय, खाली समुद्र, वर शत्रू, असं मी त्याला पहिल्या दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत फिरवलं. तोवर माझ्या पातीतलं हरळीचं एक मूळसुद्धा मी उपसलं नाही. इतका निर्मळ आनंद मला पुढं पहिल्या पगारालाही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मी बाईला तो कागद दिल्यावर, आत्यानं सबंध सिनेमात पहिल्यांदा तोंड उघडलं. मान वर न करता विचारलं, "कागदावर काय लिवलं व्हतं गं? मेला म्हून, का सापडंना म्हून?"

ओळीतली सगळी खुरपी थांबली. बारा खुरप्यांचा आवाज एकदम बंद झाला की रान किती मोठं आहे ते कळतं. मी म्हणाले, सापडंना म्हून. मेला म्हून न्हाई? न्हाई. आत्या म्हणाली, "हं." आणि तिचं खुरपं पुन्हा चालू झालं. चार हात पुढं गेल्यावर तिनं गवताबरोबर ज्वारीचं चांगलं ताट उपटलं. आत्यानं. जिच्या हातून जन्मात एक रोप वाकडं झालं नव्हतं. आसरामावशीनं माझ्या पुढून हात लांब करून ते रोप परत मातीत रोवलं आणि अंगठ्यानं दाबलं. मला वाटत होतं, मी वैमानिकाला लटकवलंय. खाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघणारी बाई कोण आहे, ते त्या घटकेला मला कळलं आणि माझ्या तोंडचा सिनेमा एकदम कोरडा पडला. त्या दिवशी शेवटची अर्धी पात मी स्वतः काढली.

पण आता माघार नव्हती, कारण गावाला वास लागला होता. त्या संध्याकाळी मला जितकी माणसं भेटायला आली तितकी मॅट्रिक पास झाल्यावरही आली नाहीत. आईनं मला चुलीपाशी ओढलं आणि हळूच म्हणाली, "उद्या दोस्तच उतरू दे बाई. त्या कारभाऱ्याला पाड तिथंच समुद्रात, पुण्य लागल." विहिरीवर आसरामावशीनं माझा हंडा धरून ठेवला आणि उलटाच हुकूम दिला. लग्नाचा धनीच परत आला पाहिजे, नाहीतर बायकांनी वाट बघायची ती कशाला, असं तिचं म्हणणं. मावशीनं स्वतःही धन्याची अशीच वाट बघितली होती, पण ती गोष्ट ती देवादिकांच्या नावावर सांगायची. अण्णा गोठ्यात गायीला पेंड घालत होते. खोकले, म्हणाले, सिनेमाच तो, आपल्याला काय करायचंय, आणि मग गायीकडं बघत विचारलं की पर येतंय कोन. सगळ्यांत शेवटी मल्हारी. तो मला बांधावर आडवा आला, कोकरू काखेत मारून. दोन दिवस त्याचा कळप रोज थोडा थोडा आमच्या ओळीकडं का सरकतोय, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. कोकराच्या कानातली गोचीड काढत तो म्हणाला, "काय गं इमल, त्या दोस्ताचं काय होतंय म्हने?" मी म्हणाले, कावून मामा? तर म्हणाला, "मला काय. सहज इचारलं." आणि कोकराचा दुसरा कान तपासायला लागला, ज्यात गोचीड नव्हती.

घरात आत्या भाकऱ्या थापत होती. दोन थापा आणि थांबणं. मी तिच्या पुढ्यात बसले आणि विचार केला, हिच्यासाठी कोणाला उतरवू? दोस्त उतरवला तर मी तिला ढकलल्यासारखं होईल. नवरा उतरवला तर तिनं आणखी सात वर्षं वर बघायची. सोळा वर्षांच्या पोरीच्या तोंडाला एवढं वजन कुणी देऊ नये, पण मी ते स्वतःच मागून घेतलं होतं, आयत्या पातीच्या लोभानं. आत्यानं माझ्या ताटात भाकरी टाकली. काही विचारलं नाही. तेच वाईट. तिनं विचारलं असतं तर मी तिला हवा तो शेवट तिथंच दिला असता.

तिसऱ्या दिवशी बायका न बोलवता लवकर आल्या. मल्हारीला बांधावरची काटेरी कुंपणं नेमकी त्याच दिवशी नीट करायची होती, तेही आमच्या शेजारच्या बांधावर. मी दोस्ताला लढाईवर पाठवलं, बाईला विमानतळावर उभं केलं, वारा सोडला. ऊन उतरणीला लागलं होतं. बांध जवळ आला. मी विमान खाली आणलं, पंखाला भोक पाडलं, दार उघडलं आणि माणूस उतरवला. बाई धावली. आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा सिनेमातलं खरं सांगितलं. टोपी व्हती, चष्मा व्हता, तोंड काळं झालतं. कोन व्हता ते मला दिसलं न्हाई.

जो गोंधळ झाला तो विचारू नका. आसरामावशीनं ढेकूळ फेकून मारलं. तीन दिस आमच्याकडनं पात काढून घेतलीस आन आता तोंड दिसलं न्हाई म्हनतीस व्हय, असं तिचं आणि बाकीच्या दहाजणींचं एकाच वेळी चाललं होतं. नवराच असणार, न्हाई दोस्तच, चालण्यावरून कळलं न्हाई का, बाईनं कुणाला मिठी मारली ते तरी सांग. दोन तट पडले. कुंपणात काटे खोचणारा मल्हारी हातात काटा रुतलेला तसाच धरून उभा होता. या सगळ्यात आत्या खुरपं हातात धरून बसली होती. मग ती उठली आणि मोठ्यानं एक वाक्य बोलली.

ते शेवटी सांगते. माझी खोड जात नाही, काय करणार. आधी पुढचं ऐका. वाक्य तोंडातून गेल्यावर आत्यानं जीभ चावली, कारण तिची नजर बांधावर गेली होती. क्षणभर तिथंच थांबली, जशी आरशापुढं थांबायची. मग बाभळीखालच्या घागरीकडं चालत गेली, तांब्या घासला, बुडवला, काठोकाठ भरला, आणि माझ्याकडं न बघता सबंध रान ओलांडून स्वतः बांधावर नेऊन दिला. मल्हारीनं काटा रुतलेल्या हातानंच तो घेतला. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. त्याचा कळप त्या साली आठ दिवस उशिरा गोदाकाठाला गेला आणि आत्या सोबत गेली. त्या संध्याकाळच्या भाकऱ्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो, कारण तो मध्ये कुठंच थांबला नाही.

तिचा पहिला नवरा पुढं कधी आला नाही. तो कुठं पोचला, कोणी त्याला पाणी दिलं की नाही, हे आम्हाला कळलं नाही. कधीमधी त्याचीही कणव येते. गेल्या वर्षी भाच्यानं माझं वर्णन ऐकून तो सिनेमा फोनवर पाच मिनिटांत शोधून दिला. मी खोलीचं दार लावून एकटीनं पाहिला. माणूस उतरतो, बाई धावते, आणि अगदी शेवटी, मामीला भाजीची काळजी लागली होती नेमक्या त्या घटकेला, तो टोपी काढतो. कोण होता ते मला आता ठाऊक आहे. मी आत्याला सांगितलं नाही. सत्तरी ओलांडलेली आत्या गेवराईकडं अंगणात मल्हारीमामांशेजारी बसून शेंगा फोडत होती, मध्ये कुणी बसेल एवढी जागाही न सोडता. तिनं विचारलंही नाही. तिनं त्याचा निकाल त्याच दिवशी रानात लावला होता, अकरा बाया भांडत असताना, हातातलं खुरपं खाली टाकून:

"आगं, टोपीखाली कोन का आसंना! इतक्या लांबनं मानूस आलाय, त्याला आधी कुनीतरी पानी नेऊन द्या की. का तेबी आता मीच नेऊ?"